हिरडीतून रक्त आलं म्हणून ही गोळी बंद करायची नसते

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. माझ्या मिस्टरांचं वय ७३. बीपी बऱ्याच वर्षांपासून आहे, शुगर आठ वर्षांपासून. दोन्हीच्या गोळ्या चालू आहेत. स्टेंट वगैरे काही नाही. दिवाळीनंतर मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी ईसीजी काढला, तेव्हा एट्रियल फिब्रिलेशन (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) असल्याचं कळलं. टूडी इकोमध्ये व्हॉल्व्ह चांगले आहेत म्हणाले. वजन ६८ किलो, मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन १.१. मेटोप्रोलॉल आणि रक्त पातळ करायची गोळी, अपिक्साबॅन ५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ दिली. महाग पडते म्हणून यांनी ती एकच वेळ घ्यायला सुरुवात केली. मग महिन्याभरापूर्वी दात घासताना हिरडीतून रक्त आलं, बेसिन लाल झालं. तेव्हापासून गोळी पूर्ण बंद. कचराळी तलावावर यांचा सकाळचा ग्रुप आहे. तिथे कोणीतरी सांगितलं की या गोळीने मेंदूत रक्तस्राव होतो, त्यापेक्षा ॲस्पिरिन बरी. आता रोज ती घेतात. गुडघ्यासाठी मेडिकलमधून दुखण्याची गोळी पावसाळ्यापासूनच चालू आहे. मुलगा खारघरला असतो, त्याने घड्याळ आणून दिलंय. त्यात पंधरा दिवस काही आलं नाही, तर हे म्हणतात आजार गेला. शेजारच्या वहिनींनाही रक्त पातळ करायची गोळी आहे आणि त्यांना पालेभाज्या मोजून खायला सांगितल्यात, म्हणून मीही पालक, मेथी, अळू आणणं सोडलं. माझ्या सासऱ्यांना अर्धांगवायू झाला होता. सहा वर्षं अंथरुणाला खिळून होते, सगळं मीच केलं. मला त्याची भीती वाटते, आणि रक्तस्रावाचीही वाटते. मोतीबिंदूचंही राहूनच गेलंय. काय करू?
– एक वाचक, नौपाडा

उत्तर

ताई, आधी एक काम करा, मग बाकीचं निवांत वाचा. ज्या डॉक्टरांनी अपिक्साबॅन लिहून दिली त्यांना आजच फोन करा. पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. त्यांना स्पष्ट सांगा: "गोळी महिनाभर बंद आहे, त्याआधी एकच वेळ चालू होती, मधे हिरडीतून रक्त आलं होतं, आता ॲस्पिरिन आणि दुखण्याची गोळी घेतात. परत कधीपासून आणि कशी सुरू करू?" संडासला काळं होतं का, लघवीत लाल दिसतं का, इतक्यात पडले-झडले का, डोकं आपटलं का, हे ते विचारतील. यांना विचारून उत्तरं तयार ठेवा. ॲस्पिरिनचं काय करायचं तेही त्याच फोनवर विचारा. दोन्ही गोळ्या आपल्या मनाने एकत्र सुरू करू नका.

इतकी घाई का करायला सांगते आहे, ते आता सांगते.

हृदयाचे वरचे दोन कप्पे एरवी प्रत्येक ठोक्याला नीट आकुंचन पावून रक्त खाली ढकलतात. एएफमध्ये ते आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात. यांचा ईसीजीचा कागद घरात असेल तर काढून बघा. उंच टोकदार रेघा एकमेकींपासून सारख्या अंतरावर दिसणार नाहीत. दोन जवळ, मग एक लांब, मग तीन घाईघाईने. आणि प्रत्येक उंच रेघेच्या आधी जो छोटा गोल उंचवटा असायला हवा, तो नसेल. त्या जागी बारीक थरथरती रेघ असेल. तो उंचवटा म्हणजे वरच्या कप्प्याचं काम. ते काम बंद पडलं आहे, असं तो कागद सांगतो.

डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटी पिशवीसारखी खोबण असते. मासुंदा तलावात मधलं पाणी हलतं पण कडेच्या एखाद्या सांदीत निर्माल्य साचून राहतं, तसं या खोबणीत रक्त रेंगाळतं आणि रेंगाळलेल्या रक्ताची गुठळी धरते. एखाद्या दिवशी ती सुटते. तिथून निघालेल्या रक्ताची एक मोठी वाट मेंदूकडे जाते. एएफमधली गुठळी बऱ्याचदा आकाराने मोठी असते, ती मेंदूची मोठी रक्तवाहिनी अडवते, म्हणून हा पक्षाघात इतर कारणांनी होणाऱ्या पक्षाघातापेक्षा सहसा जास्त जबर असतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या हृदयाची नोंद ठेवली जाते आहे. तिथल्या नोंदींवरून १९९१ मध्ये दिसलं की एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका जवळपास पाचपट असतो. सासऱ्यांची ती सहा वर्षं तुम्ही काढलीत, त्यामुळे पक्षाघात म्हणजे काय हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता यांचं म्हणणं घेऊ, कारण त्यांच्या जागी कोणालाही तसंच वाटेल. छातीत धडधड नाही, दम लागत नाही, तलावाला फेऱ्या होतात, मग आजार कुठे आहे? धडधड नाही याचं श्रेय बऱ्याच अंशी मेटोप्रोलॉलला आहे. ती ठोक्यांचा वेग आवरते. पण वेग आवरला म्हणजे वरचा कप्पा आकुंचन पावायला लागला असं नाही. तो आत थरथरतोच आहे, खोबणीत रक्त रेंगाळतंच आहे. मेटोप्रोलॉल त्रास कमी करते, अपिक्साबॅन गुठळी धरू देत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्या गोळीने बरं वाटतं, दुसरीने काहीच वाटत नाही, म्हणून माणूस दुसरीच सोडून देतो. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटमध्ये हे मी सारखं पाहते. आणखी एक: मेटोप्रोलॉलही कधी एकदम बंद करायची नसते.

यांना धोका नेमका किती, हे मोजायची एक सोपी पद्धत जगभरचे डॉक्टर वापरतात. हृदय कमजोर असेल तर एक गुण, बीपीला एक, मधुमेहाला एक, हृदयाच्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तर एक, वय ६५ ते ७४ असेल तर एक, ७५ किंवा जास्त असेल तर दोन, आणि आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर दोन. यांचे बीपी, शुगर आणि वय धरून तीन होतात. दोन किंवा त्याहून जास्त गुण असले की गोळी द्यावी, हे आता सर्वमान्य आहे. तीन गुणांच्या शंभर माणसांना ही गोळी दिली नाही तर वर्षाला साधारण तिघांना पक्षाघात होतो. तीन हा आकडा लहान वाटतो. पण तो एका वर्षाचा आहे, पुढच्या वर्षी पुन्हा तितकाच, आणि दोन वर्षांनी यांना ७५ लागलं की गुण चार होतील. वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या जुन्या गोळीवरच्या अभ्यासांपासून हे पक्कं ठाऊक आहे की योग्य गोळी नीट घेतली तर यातले साधारण दोन-तृतीयांश पक्षाघात टळतात.

ॲस्पिरिनबद्दल मला ठासून सांगायचं आहे. कचराळीवरच्या त्या गृहस्थांनी आपुलकीनेच सांगितलं असेल, आणि काही वर्षांपूर्वी डॉक्टरही तसं देत असत. पण २०११ साली नेमका हाच प्रश्न तपासला गेला. ज्यांना वॉरफरिन झेपणार नाही असं वाटत होतं, अशा साडेपाच हजारांवर एएफच्या पेशंटपैकी अर्ध्यांना ॲस्पिरिन दिली, अर्ध्यांना अपिक्साबॅन. अपिक्साबॅनच्या गटात पक्षाघात निम्म्याहून कमी झाले. फरक इतका मोठा होता की अभ्यास ठरलेल्या वेळेआधीच थांबवावा लागला. आणि मोठे रक्तस्राव? दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच. मेंदूतले रक्तस्रावही सारखेच. म्हणजे आज हे ॲस्पिरिन घेऊन रक्तस्रावाचा धोका पत्करत आहेत आणि त्या बदल्यात पक्षाघातापासून मिळायला हवं ते संरक्षण मिळत नाही. घरात कोणाला स्टेंट असेल, हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर त्यांच्या ॲस्पिरिनचा हिशेब वेगळा असतो, ती कोणी हे वाचून बंद करू नये. यांना तसं काही नाही.

मेंदूतल्या रक्तस्रावाची भीती मात्र खोटी नाही आणि मी ती खोटी ठरवणार नाही. या वर्गातल्या कोणत्याही गोळीने रक्तस्राव वाढतो. अपिक्साबॅन घेणाऱ्या शंभर जणांत वर्षाला साधारण दोघांना मोठा म्हणावा असा रक्तस्राव होतो, त्यातले बरेचसे पोटातले असतात आणि बहुतेकांवर उपचार होतात. मेंदूतला रक्तस्राव हजारात साधारण तिघांना. अठरा हजारांवर पेशंट घेऊन अपिक्साबॅनची वॉरफरिनशी तुलना झाली, त्यात कवटीच्या आतले रक्तस्राव नव्या गोळीवर निम्म्याहून कमी होते. लोकांच्या तोंडी ज्या भयानक गोष्टी असतात त्या बहुतेक जुन्या गोळीच्या काळातल्या, तपासणी वेळेवर न झालेल्या पेशंटच्या असतात. पक्षाघाताने मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही. हिरडीचं रक्त थांबतं. दोन्हींचं वजन एक नाही.

म्हणून रक्त आलं की गोळी बंद करायच्या आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: रक्त का आलं, आणि पुढे मोठा रक्तस्राव कशामुळे होऊ शकतो? तुमच्या पत्रातच त्याची तीन उत्तरं आहेत.

पहिलं, गुडघ्याची गोळी. पत्रात नाव नाही, पण मेडिकलमधून मागून मिळणाऱ्या दुखण्याच्या गोळ्यांत बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन असतं. पत्ता उलटा करून बारीक अक्षरं वाचा. यातलं काही असेल तर माझ्या मते या घरातली सगळ्यात धोक्याची गोळी तीच आहे, अपिक्साबॅन नव्हे. ती जठराच्या अस्तराला इजा करते, बीपी चढवते, मूत्रपिंडावर ताण आणते, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतली की रक्तस्रावाचा धोका बराच वाढवते. पावसाळ्यापासून ती रोज चालू आहे आणि त्याबद्दल डॉक्टरांना बहुधा कोणी बोललेलंच नाही, कारण ती चिठ्ठीवरची गोळी नाही. गुडघ्यासाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, लावायचं मलम, शेक, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम. फिजिओथेरपिस्टकडे काही दिवस जाऊन व्यायाम शिकून घ्या आणि मग घरी रोज करा.

दुसरं, हिरड्या. आठ वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या हिरड्या सुजलेल्या, सैल असण्याची शक्यता खूप असते. अशा हिरडीतून गोळी नसतानाही रक्त येतं. गोळीमुळे ते जरा जास्त वेळ वाहतं आणि पाण्यात मिसळून बेसिनभर दिसतं. दातांच्या डॉक्टरांकडून साफसफाई करून घ्या, मऊ ब्रश आणा. साफसफाईच्या वेळी कोणती गोळी चालू आहे ते त्यांना आधी सांगा. आणि त्यांनी "चार-पाच दिवस गोळी बंद करून या" म्हटलं तर थेट हो म्हणू नका, हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घ्या म्हणावं. साफसफाईला किंवा एखादा दात काढायला बहुतेक वेळा गोळी दिवसच्या दिवस बंद करावी लागत नाही.

तिसरं, बीपी. शेवटचं कधी मोजलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मेंदूत रक्तस्राव होण्याचं सगळ्यात मोठं आणि आपल्या हातातलं कारण चढलेलं बीपी हेच आहे. वरचा आकडा १६० च्या पुढे राहत असेल तर आधी त्याच्या मागे लागायला हवं. बहुतेकांचं बीपी १३०/८० च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. यांचं किती हवं ते डॉक्टर ठरवतील. घरी मोजताना खुर्चीला पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसवा, हात टेबलावर. एएफमध्ये ठोके अनियमित असल्याने मशीन दर वेळी वेगळा आकडा दाखवतं. म्हणून ओळीने तीनदा मोजा, तिन्ही लिहा आणि सरासरी काढा. एका आकड्यावरून घाबरू नका, आणि निश्चिंतही होऊ नका.

एक वेळच गोळी घेण्याबद्दल. अपिक्साबॅनचा निम्मा अंश साधारण बारा तासांत शरीरातून जातो. सकाळची एकच घेतली तर रात्री असर ओसरतो आणि पहाटे यांना फारसं संरक्षण उरत नाही. रक्तस्रावाची शक्यता घेतलीत आणि फायदा अर्धवट ठेवलात, असा तो सौदा होतो. ५ ऐवजी अडीच मिलिग्रॅमची मात्रा असते, पण ती ८० किंवा जास्त वय, ६० किलो किंवा कमी वजन आणि १.५ किंवा जास्त क्रिएटिनिन, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी असतील तेव्हा देतात. यांच्यात एकही नाही. त्यामुळे पूर्ण मात्रा दोन वेळा हेच बरोबर. एखाद्या दिवशी विसरले तर आठवल्यावर घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी, पण दोन एकदम कधीही नाही. सकाळ-संध्याकाळचे खण असलेला गोळ्यांचा डबा आणा. रविवारी भरून ठेवला की कोणत्या दिवशी चुकली ते डोळ्यांना दिसतं, वाद होत नाही.

महाग पडते हे कारण मला अजिबात क्षुल्लक वाटत नाही. पेन्शनवर चालणाऱ्या घरात रोज दोनदा, तेही कायमची घ्यायची गोळी म्हणजे मोठा खर्च आहे आणि डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिताना तो विचारायला हवा. अपिक्साबॅन आता अनेक भारतीय कंपन्या बनवतात आणि किमतींत खूप फरक आहे. डॉक्टरांना सरळ म्हणा, "याच औषधाची स्वस्तातली कंपनी लिहून द्या." जवळच्या जनऔषधी केंद्रातही विचारा. कंपनी बदलली तरी चालेल. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच हवेत. मेडिकलवाल्याने "याऐवजी हे घ्या" म्हणून दुसरंच औषध पुढे केलं तर घेऊ नका. आणि तरीही परवडत नसेल तर तेही सांगा. जुन्या गोळ्या स्वस्त आहेत, त्यांना रक्ताची तपासणी वरचेवर लागते, पण गोळी नसण्यापेक्षा ती कितीतरी बरी.

आता शेजारच्या वहिनी. बहुधा त्यांची गोळी वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारोल असावी. लहानपणीच्या संधिज्वराने हृदयाची झडप अरुंद झालेली असेल किंवा कृत्रिम धातूची झडप बसवलेली असेल, तर याच जुन्या गोळ्या लागतात, तिथे नव्या चालत नाहीत. त्या गोळ्यांचं काम जीवनसत्त्व के अडवण्याचं, आणि हिरव्या पालेभाज्यांत ते भरपूर असतं. म्हणून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा आकडा) तपासत राहायचं आणि पालेभाजीचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. त्यांनाही ती पूर्ण बंद करायची नसते. यांच्या गोळीचा पालेभाजीशी काही संबंध नाही. उद्या बाजारात मेथी, अळू, पालक, जे ताजं दिसेल ते खुशाल आणा. शुगरच्या माणसाला ते हवंच. लसूण, हळद रोजच्या स्वयंपाकात जितकी घालता तितकी घाला. त्यांच्या अर्काच्या कॅप्सूल, काढे, अर्जुनाची चूर्णं मात्र डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोत. त्यांनी एएफमधला पक्षाघात टळतो असा पुरावा नाही, आणि काहींनी रक्त वाहण्याचं प्रमाण वाढू शकतं.

मुलाने घड्याळ दिलं ते चांगल्या मनाने दिलं. पण घड्याळ अनियमित ठोक्यांची शंका घेऊ शकतं. निदान ईसीजीवरच होतं, आणि घड्याळ गप्प आहे म्हणजे आजार गेला असं तर मुळीच नाही. काही जणांचा एएफ येतो आणि जातो. गेलेल्या दिवसांतही पक्षाघाताचा धोका राहतो, गोळी त्या गुणांवर ठरते, आजच्या ठोक्यांवर नाही. पुढे कधी कॅथेटरने उपचार करून ठोके नियमित केले, तरी अशा गुणांच्या माणसाची गोळी सहसा चालूच ठेवतात. घड्याळापेक्षा तुमची बोटं कामाची आहेत. यांच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट हलकेच ठेवा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. नुसत्या आकड्याकडे नाही, चालीकडे लक्ष द्या. स्वतःचीही बघा. ६५ च्या पुढच्या प्रत्येकाने अधूनमधून बघावी, कारण यांच्यासारखा योगायोगाने ईसीजी निघालाच नाही तर हा आजार पहिल्यांदा कळतो तो पक्षाघात झाल्यावर.

गोळी सुरू झाल्यावर कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, तेही सांगते. हातापायावर छोटे काळेनिळे डाग, दाढी करताना कापलं तर जरा जास्त वेळ रक्त, याला घाबरायचं नाही. स्वच्छ कापड दहा मिनिटं न उचलता दाबून धरायचं. डांबरासारखी काळी, चिकट संडास, उलटीत रक्त, लघवी लाल, दहा-पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणारं नाकाचं रक्त, यासाठी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि डोकं आपटलं तर, बाथरूममध्ये असो की रिक्षातून उतरताना, बाहेर काही दिसत नसलं आणि हे "मला काही झालं नाही" म्हणत असले तरी हॉस्पिटलमध्ये जायचं. कोणती गोळी चालू आहे ते तिथे आधी सांगायचं. मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून निदान एकदा, यांच्या वयाला मी सहा महिन्यांनी सांगेन, सोबत हिमोग्लोबिन.

आणि एक तयारी आजच करून ठेवा, गोळी चालू असली तरी. गोळीने धोका खूप कमी होतो, शून्य होत नाही. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात वर धरायला सांगितल्यावर खाली घसरला, बोलणं जड किंवा असंबद्ध झालं, अचानक एका डोळ्याला दिसेना, यातलं एक जरी दिसलं तरी घड्याळात वेळ बघा आणि लिहा. "शेवटचे ठीक कधी होते" ही वेळ डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात. १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नळी घालून गुठळी बाहेर काढण्याचा उपचार निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत होऊ शकतो, पण जितका उशीर तितका मेंदू जातो. अपिक्साबॅन शेवटची किती वाजता घेतली हे सांगावंच लागेल, कारण ती नुकतीच घेतली असेल तर इंजेक्शन सहसा देत नाहीत आणि डॉक्टर दुसऱ्या उपायाकडे वळतात. म्हणून सगळ्या गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावा. त्या वेळी ॲस्पिरिन देऊ नका, पाणी पाजू नका, तेल चोळत बसू नका. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाही कळत नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत घरच्या मशीनवर शुगर बघा; शुगर फार उतरली तरी अशीच लक्षणं दिसतात.

ठाण्यात संध्याकाळी सातला हरिनिवासपासून तीन हात नाका गाठायला किती वेळ लागतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्या वेळी कुठे जायचं याचा विचार करत बसायला सवड नसते. या आठवड्यात मुलाला जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलना फोन करायला सांगा आणि तीनच गोष्टी विचारायला लावा: सीटी स्कॅन रात्रीही चालू असतं का, पक्षाघाताचं इंजेक्शन चोवीस तास देता का, आणि नळीने गुठळी काढायची सोय तुमच्याकडे आहे की पुढे पाठवता. ज्यांचं उत्तर पक्कं असेल त्यांचं नाव त्याच कागदावर. ओळखीचे फॅमिली डॉक्टर आधी घरी बोलावू, मग ठरवू, यात सासऱ्यांच्या पिढीतल्या कितीतरी जणांचे पहिले तास गेले.

यांना समजवायचं कसं, हे तुम्ही सरळ विचारलेलं नाही, पण पत्रात ते आहे. "तुमच्या बाबांसारखं होईल" असं म्हणू नका. ते त्यांनी मुलगा म्हणून पाहिलंय, त्या आठवणीने माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस विषयच टाळतो. त्यापेक्षा तुमचं स्वतःचं सांगा. "सहा वर्षं मी केलं, मला आता ते झेपणार नाही" हे म्हणायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, ताई, आणि ते खरंही आहे. डॉक्टरांकडे एकट्याला पाठवू नका, सोबत जा, सगळ्या गोळ्यांचे पत्ते पिशवीत घालून न्या, ॲस्पिरिन आणि गुडघ्याची गोळी धरून. ग्रुपमधल्या त्या गृहस्थांचा प्रश्नही यांनीच डॉक्टरांना विचारू दे. उत्तर थेट ऐकलं की पटतं, आणि मग तलावावर तेच चार जणांना सांगतील.

त्याच भेटीत आणखी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. थायरॉइडची तपासणी झाली आहे का. रात्री मोठ्याने घोरतात आणि मधेच श्वास थांबल्यासारखा होतो का. तसं असेल तर झोपेची तपासणी, कारण त्याने एएफ बळावतो. दारू घेत असतील तर पूर्ण बंद झालेली उत्तम. चालणं चालूच राहू दे.

राहता राहिला मोतीबिंदू. एएफ आहे किंवा गोळी चालू आहे म्हणून तो अडवून ठेवायचं कारण नाही. आजकालच्या नेहमीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ही गोळी बहुतेक वेळा थांबवावी लागत नाही, पण डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी सांगायला हवं म्हणजे भूल कशी द्यायची ते ठरवता येतं. गोळी नीट सुरू होऊन बीपी-शुगर आटोक्यात आली की तारीख घ्या, आणि ती फार लांबवू नका. धूसर दिसणारा माणूस पायरी चुकून पडतो, आणि यांना आता पडून चालणार नाही.